साखर आधी तपासा

शरीरातील संप्रेरके, साखर आणि क्षार यांचा तोल एकाएकी ढळला, तर रुग्ण काही तासांत दगावू शकतो. असा बिघाड मात्र बहुधा दुसऱ्याच आजाराचे सोंग घेऊन दवाखान्यात येतो. साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा बरळतो, क्वचित लकवा मारल्यासारखा एका अंगाने लुळा पडतो. टाइप १ मधुमेह अजून कळलेलाच नाही असे मूल पोटदुखी आणि ओकाऱ्यांनी येते व अपेंडिक्सचा संशय घेतला जातो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बेशुद्ध माणूस दिसला की ऊन लागले असेच सर्वांना वाटते. म्हणूनच मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये असोत वा खासगी रुग्णालय, कॅज्युअल्टीत शुद्ध हरपलेल्या किंवा झटके येणाऱ्या प्रत्येकाची साखर बोटाला टोचून आधी पाहणे अत्यावश्यक ठरते.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की कमी आणि ५४ च्या खाली गेली की धोक्याची. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला शिरेतून डेक्स्ट्रोज दिले की बहुधा काही मिनिटांत तो डोळे उघडतो, नातेवाईकांना ओळखतो, आणि घरी नेण्याची घाई सुरू होते. इथेच घात होतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहावरील गोळ्यांचा अंमल बराच काळ टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी लांबतो, आणि साखर पुन्हा उतरते. अशा रुग्णाला किमान एक दिवस देखरेखीखाली ठेवणेच योग्य.

याउलट इन्सुलिन कमी पडले की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन आम्ले साचतात. तहान, ओकाऱ्या, खोल व जलद श्वास आणि श्वासाला पिकल्या फळासारखा वास ही त्याची खूण. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांत साखर फारशी न वाढताही हे घडते. उपचारात क्रम महत्त्वाचा. आधी सलाईन, मग पोटॅशियमचा अहवाल, मग इन्सुलिन. इन्सुलिनमुळे पोटॅशियम पेशींत शिरते. ते आधीच ३.५ च्या खाली असताना इन्सुलिन सुरू केले, तर हृदयाचे ठोके बिघडतात. साखर २५० पर्यंत उतरली तरी आम्ले निवळेपर्यंत इन्सुलिन थांबवायचे नसते, सोबत डेक्स्ट्रोज जोडायचे असते. मुलांना सलाईन विशेष जपून दिले जाते, कारण त्यांच्या मेंदूला सूज येण्याची भीती असते.

विदर्भात अशी कीटोन आम्ले साचण्याचे एक कारण घरातच दडलेले असू शकते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, आणि वापरातील बाटलीलाही साधारण ३० अंशांपलीकडचे तापमान सोसत नाही. नागपूरच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात हे कसे जमावे? फ्रिज नसलेल्या घरी बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या वाळूच्या मडक्यात सावलीत ठेवणे हा चांगला मार्ग आहे. टाइप १ मधुमेहाच्या गरीब मुलांना इन्सुलिन पुरवणाऱ्या नागपुरातील ड्रीम ट्रस्टसारख्या संस्थांचे मोल अशा घरांना पुरेपूर ठाऊक असते.

स्टेरॉइडची गोष्ट अधिक फसवी. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या वा नाव नसलेल्या पुड्या एकदम बंद केल्या, की अधिवृक्क ग्रंथी साथ देत नाहीत. त्यातच ताप आला, तर रक्तदाब कोसळतो आणि नुसत्या सलाईनने वर येत नाही. अहवालाची वाट न पाहता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्यावे लागते. घोणस चावून वाचलेल्या काहींची पिट्युटरी ग्रंथी निकामी होऊन पुढे कधीतरी हीच वेळ येते, म्हणून सर्पदंशाचा जुना इतिहासही विचारावा. थायरॉइड संप्रेरकाच्या अतिरेकाने उठणाऱ्या ‘थायरॉइडच्या वादळात’ ताप, धडधड आणि भ्रम असतो. त्यावर थायरॉइडरोधक गोळ्या, प्रोप्रॅनोलॉल, स्टेरॉइड आणि तासाभराने आयोडीन दिले जाते.

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा, आणि रुग्णालयाकडे निघताना सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, पुड्या व इन्सुलिनची बाटली रुग्णासोबत न चुकता न्यावी.