कॅरेरा जीटीचा क्लच

पोर्शेची कॅरेरा जीटी पहिल्यांदा हाती आलेल्या चांगल्या चांगल्या ड्रायव्हरांकडूनही ती जागच्या जागी बंद पडलेली आहे. 5.7 लिटरचं, दहा सिलिंडरचं, 612 अश्वशक्तीचं इंजिन, आणि पार्किंगमधून बाहेर पडतानाच ते गप्प. 2003 ते 2006 या काळात अशा जेमतेम 1,270 गाड्या तयार झाल्या. पण त्यांच्या क्लचची चर्चा मोटारवेड्यांमध्ये गाडीइतकीच झाली. त्यातली बरीचशी बदनामीच, आणि माझ्या मते ती अन्यायाची.

या इंजिनाची मुळं शर्यतीत आहेत. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी पोर्शेने एक गाडी घडवायला घेतली होती. तो बेत गुंडाळला गेला, दहा सिलिंडरचं इंजिन मात्र उरलं, आणि 2000 साली पॅरिसमध्ये ते एका नव्या गाडीत बसून लोकांसमोर आलं. शर्यतीच्या गाडीत वजन शक्य तितकं जमिनीलगत हवं असतं. इंजिन किती खाली बसवता येईल हे पुष्कळदा क्लच ठरवतो, कारण तबकडी जितकी मोठी, तितका क्रँकशाफ्ट वर उचलावा लागतो. म्हणून इथे क्लचचा व्यास ठेवला फक्त 169 मिलिमीटर. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकची क्लचप्लेटही याहून मोठी निघेल.

क्लच किती टॉर्क पेलेल हे प्रेशर प्लेटचा दाब, घर्षण, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठांची संख्या यांवर ठरतं. त्रिज्या घटवली, तेव्हा प्लेटा दोन केल्या. त्या कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या, म्हणजे पोर्शेच्या सिरॅमिक ब्रेकमधल्या पदार्थाच्याच जातीच्या. एवढ्याशा जुडग्यातून 590 न्यूटन मीटर टॉर्क चाकांकडे जातो. रस्त्यावर चालवायच्या गाडीत असा क्लच पोर्शेनेच पहिल्यांदा आणला.

लहान तबकडीमुळे हे फिरणारं जुडगं हलकंही होतं, आणि त्या हलकेपणाची किंमत गाडी सुटताना मोजावी लागते. जड फ्लायव्हीलमध्ये फिरण्याचा जोर साठलेला असतो. पाय जरा चुकला तरी तो गाडीला ढकलून नेतो. इथे तो साठा फारच थोडा. पेडल घाईने सोडलं की इंजिन बंद. मग घाबरलेला ड्रायव्हर पुढच्या वेळी अॅक्सिलरेटर देऊन, हाफ क्लचवर गाडी उचलतो, आणि तिथेच क्लच भाजून निघतो.

खरी रीत याच्या उलट आहे. सपाट रस्त्यावर अॅक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. क्लच सावकाश, एकसारखा सोडायचा; आयडलिंग सांभाळणारी यंत्रणा इंजिनाला लागेल तेवढं इंधन देते आणि गाडी आपणहून सरकते. पेडल पूर्ण सुटलं की मग अॅक्सिलरेटर.

यामागचं गणित प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं जायला हवं. इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून गाडी उचलली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, निदान तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच गिअरमध्ये 1,000 ऐवजी 3,000 फेऱ्यांवर गाडी उचलली की उष्णता तिप्पट नाही, नऊपट! चढावर तर गाडी वर ओढण्याचं कामही त्यात मिळतं. हाफ क्लचवर गाडी चढावर नुसती थोपवून धरली, तर ती इंचभरही हलत नाही आणि इंजिनाची सगळी मेहनत प्लेट तापवण्यात जाते.

म्हणूनच मला वाटतं, ट्रॅकपेक्षा शहर क्रूर. ट्रॅकवर गाडी एकदा पळू लागली की क्लच सेकंदाच्या काही भागापुरताच सुटतो. गिअर खाली टाकताना टाचेने अॅक्सिलरेटरला टिचकी देऊन इंजिनाचे फेरे आधीच जुळवले, तर प्लेटांना घासायला फारसं काही उरत नाही. ज्याला हे टाच-पंजाचं काम जमतं, त्याचा क्लच ट्रॅकवरच्या लांबलचक दिवसानंतरही शाबूत असतो. ट्रॅकवर क्लचला मारते ती उभ्या गाडीची सुरुवात. मित्रांना दाखवण्यासाठी लागोपाठ तशा चार सुरुवाती करणं हा निव्वळ अत्याचार आहे, कारण पहिलीची उष्णता निघून जायच्या आत दुसरी येऊन पडते. जोरदार सुरुवात झालीच, तर नंतर गाडी उभी करू नये. क्लच पूर्ण सोडून थोडा वेळ संथ चालवावी, म्हणजे हवा खेळते.

शहरात याच्या उलट घडतं. बंपरला बंपर लागलेल्या रांगेत दर दोन मीटरला क्लच घासतो. खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागे अडकलेली रांग आठवा. तिथे पुढच्या गाडीला अंतर घेऊ द्यावं आणि मग एकदाच, सलग पुढे जावं. उभं राहायचं तर ब्रेकवर, न्यूट्रलमध्ये; नाहीतर दाबून धरलेल्या पेडलाचा भार रिलीज बेअरिंगवर जातो. पाय पेडलवर विसावलेला नसावा. चढावर रिव्हर्स घेत पार्किंग करणं हे या सगळ्यांत वाईट काम. कॅरेरा जीटीसारखी गाडी असेल तर सपाट जागा शोधावी, थोडं चालावं लागलं तरी चालेल.

स्लिप होणारा क्लच ओळखायचा तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावं. फेरे वर गेले आणि वेग तिथेच राहिला, तर पकड गेली. साध्या क्लचमध्ये जळका वास त्याआधीच सूचना देतो. त्यावर नुसती जास्त ताठ स्प्रिंगची प्रेशर प्लेट बसवणं हा उपाय मला पटत नाही. पेडल जड होतं, क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार वाढतो, आणि हाफ क्लचची सवय तशीच राहते.

जुनी कॅरेरा जीटी विकत घेताना जाणकार सर्वांत आधी क्लचच्या जुडग्याची जाडी मोजून मागतात. किलोमीटरचा आकडा त्यानंतर येतो. महामार्गावर हजारो किलोमीटर पळालेल्या गाडीचा क्लच जाड भरू शकतो, आणि प्रदर्शनांमध्ये मागेपुढे सरकवत ठेवलेल्या, जेमतेम चाललेल्या गाडीचा पातळ.