टक्कल: कारणे आणि सावधगिरी

पुरुषांना टक्कल पडणे ही काही नवी गोष्ट नव्हे. परंतु ते लपविण्याच्या घाईची किंमत किती जबर असू शकते, हे २०१६ साली चेन्नईत दिसून आले. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा एक २२ वर्षांचा तरुण केशरोपणासाठी शहरातील एका केंद्रात गेला आणि दोनच दिवसांत दगावला. त्या केंद्राजवळ परवाना होता तो केवळ केशकर्तनालयाचा, असे पुढे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. म्हणून टक्कल म्हणजे काय, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, सुमारे ३ महिने विसावतो व गळतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. सबब, रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच होय. टक्कल पडते ते नवा केस उत्तरोत्तर बारीक आणि आखूड होत गेल्यामुळे.

याचे मूळ पुरुषी हार्मोनात आणि आनुवंशिकतेत आहे. टेस्टोस्टेरोनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरोन हे अधिक प्रभावी द्रव्य तयार होते. ज्यांची केशमुळे त्यास हळवी असतात, त्यांच्या कपाळाच्या कडा व माथा विरळ होतो. मागचे केस मात्र टिकतात. वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले. हा वारसा केवळ आजोळचा, ही समजूत अपुरी आहे. तो दोन्ही घराण्यांकडून येतो.

चेन्नईत पुष्कळजण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला दोष देतात. अशा पाण्याने केस राठ होतील, तुटतील. पण पुरुषी टक्कल त्यामुळे पडत नाही. एकाएकी पडलेली गोल चाई किंवा तापानंतरची केसगळती हे प्रकार निराळे. त्यांची तपासणी त्वचारोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी.

उपाय मोजकेच आहेत. मिनॉक्सिडिल हे लावण्याचे औषध आणि फिनास्टेराइड ही गोळी यांचा गुण येण्यास काही महिने लागतात; औषध थांबविताच लाभ ओसरतो. गोळीमुळे काहींना लैंगिक तक्रारी उद्भवतात, आणि फुटलेल्या गोळीस गर्भवतीने स्पर्श करू नये. म्हणून ती वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये. केशरोपणात मागची टिकाऊ केशमुळे पुढे लावतात. ही शस्त्रक्रियाच होय. ती प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावी, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजाविले आहे. तेव्हा डॉक्टरांची नोंदणी, केंद्राचा परवाना आणि आणीबाणीतील उपचारांची सोय आधी विचारा.

आणि शेवटी, वाचकहो, विवाह ठरविताना मुलाच्या विरळ केसांची थट्टा करण्यापूर्वी थोडे थांबा. टक्कल जीव घेत नाही. त्याची लाज मात्र माणसाला कोणत्याही दारात नेऊन उभे करते.