फुप्फुसातला शेजारधर्म

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पुढे नाचणी-वरईची लावणी आणि ओल्या लाकडांवर धुमसणारी चूल. धूर काही सुटत नाही.

हा धूर ज्या पेशींवर आदळतो, त्या एकेकट्या नसतात. फुप्फुसातल्या सुमारे ४८ कोटी वायुकोशांचं अस्तर म्हणजे एकमेकींना खेटून राहणाऱ्या शेजारणीच. दोघींच्या भिंतींतून आरपार नळ्या गेलेल्या असतात. कनेक्सिन या प्रथिनाचे सहा रेणू इकडून, सहा तिकडून. तोंडाला तोंड जुळलं की नळी तयार. रेव्हेल आणि कार्नोव्स्की यांनी १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे सांधे दाखवले. त्यांना गॅप जंक्शन म्हणतात. कॅल्शियमचे आयन आणि छोटे संदेशरेणू त्यातून पलीकडे जातात, मोठी प्रथिनं अडतात.

दीर्घ श्वास घेतला की वायुकोश ताणला जातो. पातळ पेशींत कॅल्शियम वाढतं, त्याची लाट नळीतून शेजारच्या जाडसर पेशीत पोचते आणि ती सर्फॅक्टंट सोडते. हा स्निग्ध थर नसेल, तर श्वास सोडताना वायुकोश मिटून जाईल. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धाप लागते, ती बहुतेकदा याच्याच कमतरतेमुळे.)

पण संकटात हीच नळी दोन्हीकडून बोलते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या भट्टाचार्य यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत कनेक्सिन-४३ मधून दाहाचा संदेश पसरतो. २०१४ मध्ये त्याच गटाला उंदरांत उलटं चित्र दिसलं: वायुकोशाला चिकटलेल्या भक्षक पेशी त्याच कनेक्सिनमधून दाह शमवण्याचा निरोप देतात. म्हणून नळ्या सरसकट बंद करणाऱ्या औषधाचा उत्साह मला अकाली वाटतो.

सिगारेटच्या धुराचा अर्क घातला की प्रयोगशाळेतल्या पेशींमधला हा संवाद मंदावतो. काचेच्या बशीतला निष्कर्ष मोखाड्याच्या घराला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरं. पण घरातल्या धुरामुळे पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते; त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

तेव्हा चूल पेटलेली असताना तान्हं मूल दुसरीकडे ठेवा. खोकणाऱ्या मुलाचं पोट उडत असेल, किंवा ते शांत असताना मिनिटाला २ महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरत असतील, तर काढा-लेप करत न बसता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.