आजोबांच्या कॅमेऱ्याला फिल्म मिळेल का?

आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलंय. भावंडांनी ड्रोनवाला ठरवला, पण आजोबांची अट एकच: "सगळ्यांचा ग्रुप फोटो माझ्या कॅमेऱ्यावर निघाला पाहिजे."

धारवाडला त्यांचा स्टुडिओ होता. सागवानी पेटी, चामड्याचा भाता, डोक्यावर काळं फडकं. या कॅमेऱ्यात रोल बसत नाही. पावणेपाच बाय साडेसहा इंचांची, म्हणजे हाफ प्लेटची, कट फिल्म अंधारात एकेक करून भरायची. कपाटात 'इंदू'च्या फोटो पेपरचं रिकामं पाकीट तेवढं सापडलं. उटीचा हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, १९६७ पासून माल काढू लागला. आता तो बंद आहे.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, हल्ली तर तरुण मुलं पुन्हा रोल वापरतात! खरंय, पण त्यानं कट फिल्म वाचत नाही. मी बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं उत्पादन-नियोजनाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यामुळे हे गणित मला चटकन कळलं. रोलची फिल्म पातळ असते. कट फिल्म सपाट राहायला हवी, म्हणून तिला जाड पॉलिएस्टर लागतं. म्हणजे लेपाची बॅचच वेगळी. मशीन सुरू केलं की लांबरुंद अख्खा ताव लेपून निघतो. गिऱ्हाईक दहा खोक्यांचं असलं तरी दहाच खोकी करता येत नाहीत, आणि उरलेला माल मुदतीत खपायला हवा. फुजीफिल्मनं २०१८ मध्ये 'अॅक्रॉस' बंद केली. २०१९ मध्ये नवी आणली ती फक्त रोलमध्ये. इंग्लंडची इलफर्ड कंपनी मात्र अडनिड्या मापांसाठी वर्षातून एकदा ऑर्डरी गोळा करते आणि मगच फिल्म कापते. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. कृष्णधवल कट फिल्म अशीच, महाग का होईना, टिकेल. रंगीतचा भरवसा मला वाटत नाही.

एक्स-रेची फिल्म कापून वापरणारेही आहेत. ती स्वस्त पडते, पण दोन्ही बाजूंना लेप असल्यानं पटकन ओरखडते. शिवाय दवाखाने डिजिटल झाले, तीही कमी होत जाणार. आजोबांनी वेगळंच कारण काढलं: "ती लाल रंगाला आंधळी असते. सुनांची कुंकवं काळी येतील."

वर्षभर थांबायला आमच्याकडे वेळ नव्हता. शेवटी पाच बाय सात इंचांचं २५ तावांचं खोकं मागवलं. रुंदीला पाव आणि लांबीला अर्धा इंच कापलं की माप जमतं. मात्र कापायचं मिट्ट काळोखात, आणि आजोबांचा हात हल्ली थोडा थरथरतो. मी कापतो म्हटलं, तर माझ्याकडे नुसतं बघितलं.

खोकं सध्या फ्रीजमध्ये कोकमाच्या बाटलीशेजारी आहे, आईची कुरकुर चालूच आहे. रात्री जेवणं झाली की आजोबा दिवे घालवून पुठ्ठ्यावर सराव करतात. काल नऊपैकी सात तुकडे बरोबर मापाचे निघाले.