वीण आणि मांस: एका जनुकसंचातील ओढाताण

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या पैदाशीत दोन हिशेब बराच काळ वेगवेगळे मांडले गेले. कालवड माजावर कधी येते आणि व्यालेली गाय पुन्हा गाभण कधी राहते हा कळप राखणाऱ्याचा हिशेब, तर मांस किती मऊ आणि त्यात चरबीची जाळी किती हा खाटिकाचा. परंतु दोन्ही गुण एकाच जनुकसंचावर अवलंबून असल्याने एकासाठी केलेली निवड दुसऱ्यालाही हलवू शकते. या ओढीचे माप म्हणजे जनुकीय सहसंबंध, जो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो.

याचा फार तपशीलवार अभ्यास उत्तर ऑस्ट्रेलियात ब्राह्मन आणि उष्ण प्रदेशासाठी घडवलेल्या संकरित गुरांवर झाला. ब्राह्मन ही जात अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातील गुरांपासून तयार झाली आणि १९३३ मध्ये क्वीन्सलंडमध्ये आणली गेली, म्हणजे कृष्णाकाठच्या काळ्या रानात औत ओढणाऱ्या जनावरांचाही थोडा अंश तिच्यात आहे.

संशोधनातली खरी अडचण अशी की, जिची वीण पुढे पाहायची त्या कालवडीचे मांस तपासता येत नाही. म्हणून एकाच वळूच्या लेकी आणि खच्ची केलेले लेक यांची तुलना केली गेली. लेकींच्या बीजकोशांची दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी करून पहिला पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी ग्रंथी, कधी दिसतो हे टिपले. लेकांच्या मांसाचे तुकडे शिजवून ते कापायला पात्याला किती जोर लागतो हे मोजले. ब्राह्मन कालवडी सरासरी ७५१व्या, तर संकरित कालवडी ६५१व्या दिवशी वयात आल्या, आणि या गुणाची अनुवंशक्षमता, म्हणजे जनावरा-जनावरांतील फरकापैकी वारशाने उतरणारा वाटा, अनुक्रमे ०.५७ व ०.५२ भरली. प्रजननाचे गुण निवडीला दाद देत नाहीत या जुन्या समजाला हे आकडे चांगलाच धक्का देतात.

मांसाच्या मऊपणाशी मात्र विणीचे फारसे वैर आढळले नाही, आणि त्याचे कारणही समजण्याजोगे आहे. कत्तलीनंतर स्नायूतील प्रथिने तोडणाऱ्या कॅल्पेन या विकराला कॅल्पास्टॅटिन अडवते, आणि वशिंडाच्या गुरांत त्याचे प्रमाण अधिक असल्याने मांस चिवट राहते. बीजकोशाच्या चक्राशी या क्रियेचा थेट संबंध नाही.

खरी ओढाताण चरबी आणि आकारमान यांच्यापाशी आहे. चरबीतून स्रवणारे लेप्टिन शरीरात पुरेसा साठा असल्याची वर्दी मेंदूला देते, त्यामुळे केवळ चरबीविरहित मांस वाढवण्याच्या नादात कालवडीचा माज लांबू शकतो. चौदाव्या गुणसूत्रावरील प्लॅग-१ या जनुकाच्या परिसरात हे स्पष्ट दिसते: तिथला एक प्रकार उंची आणि वजन वाढवतो, चरबी कमी करतो आणि वयात येणेही लांबवतो. हा प्रकार ब्राह्मनमध्ये युरोपीय गुरांच्या संकरातून आला, आणि पैदासकार वजनदार वळू निवडत गेले तसा तो कळपांत पसरत गेला.