जीपीएस घड्याळ, शीडनौका शर्यतीतील
जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीच्या (जीपीएसच्या) कृत्रिम उपग्रहांचे संकेत ग्रहण करून स्थान, वेग व मार्गाची दिशा दाखविणारे मनगटी घड्याळ. शिडाच्या लहान नौकेवर मोठी उपकरणे बसविणे सोयीचे नसल्याने हे साधन नाविकांत रूढ झाले. नागरी संकेतांत हेतुतः ठेवलेली त्रुटी अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकल्यावर त्याला पुरेशी अचूकता आली. उघड्या पाण्यावर स्थानातील चूक सामान्यतः काही मीटर असते. वेग मात्र संकेतांच्या डॉप्लर परिणामावरून काढता येत असल्याने अधिक विश्वसनीय असतो.

शिडाची नौका वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी सु. ४५° कोन ठेवून व आलटूनपालटून बाजू बदलून ती नागमोडी मार्गाने पुढे सरकते. वारा जिकडून येतो त्या दिशेने पडणारा वेगाचा घटक, म्हणजेच प्रतिवात वेग, हे तिच्या प्रगतीचे खरे माप होय. उदा., ४५° कोनात वेग ५ नॉट असल्यास (१ नॉट = ताशी १.८५२ किमी.) प्रतिवात वेग सु. ३.५ नॉट येतो. नौका ४०° पर्यंत वाऱ्याकडे ओढून धरल्याने वेग ४.४ नॉटपर्यंत घसरला, तर तो सु. ३.४ नॉटच राहतो. वाट जवळची झाली तरी तोटाच होतो.

घड्याळाला वाऱ्याची दिशा स्वतः कळत नाही, ही त्याची मुख्य मर्यादा. ते बहुधा पुढच्या बोयाच्या दिशेचा वेगघटक दाखविते. वाऱ्याच्या समोर असलेल्या बोयाकडे निघताना हा आकडा ३.५ असतो, परंतु एकाच बाजूने जात राहिल्यास तो उतरत जातो आणि बोया काटकोनात येताच शून्य होतो. वास्तविक नौकेची प्रगती कोठेही मंदावलेली नसते. आकड्याच्या मागे लागणारा नवखा नाविक मात्र विनाकारण वळणे घेतो व प्रत्येक वळणात वेग गमावतो.

दिशेचा आकडा अधिक उपयोगी पडतो. उत्तरेच्या वाऱ्यात ४५° दिशेने जाणाऱ्या नौकेला, वाऱ्याशी तोच कोन राखताना, ५५° दिशा घ्यावी लागली, तर वारा १०° ने पूर्वेकडे वळला असे समजून बाजू बदलणे हिताचे ठरते. वाऱ्याला आडव्या रेषेत १०० मी. अंतरावर असलेल्या दोन नौकांत एवढ्या बदलाने सु. २५ मी. मार्गाचा फरक पडतो. येथेही फसगत संभवते, कारण घड्याळ जमिनीच्या संदर्भातील मार्ग दाखविते. ५ नॉट वेगाच्या नौकेला १ नॉटचा आडवा प्रवाह लागला, तर रोख तोच असूनही मार्ग सु. ११° ढळतो व वारा वळल्याचा भास होतो. मुंबई बंदरासारख्या भरती-ओहोटीचे प्रवाह जोरदार असलेल्या जागी म्हणूनच नौकेवर पक्के बसविलेले चुंबकीय होकायंत्र जवळ हवे. दोहोंतील फरकावरून प्रवाहाचाही अंदाज येतो.

प्रारंभरेषेपर्यंतचे अंतर दाखविण्याची सोय काही घड्याळांत असते. परंतु ४ मी. लांबीच्या नौकेत काही मीटरांची चूक लहान नव्हे. शिवाय रेषा ओलांडते ते नौकेचे नाक, नाविकाचे मनगट नव्हे. कित्येक नौकावर्गांच्या नियमांत शर्यतीच्या वेळी जीपीएसच्या वापरास मनाई असते. अशा वर्गांत घड्याळाचा उपयोग सरावापुरता व नोंदलेल्या मार्गाच्या मागाहून केलेल्या अभ्यासापुरता राहतो.