कुरणशाळा
गुरे चारणाऱ्या मुलांना कुरणातच शिक्षण देणारी शाळा. ठाणे (१ ऑगस्ट २०१४ पासून पालघर) जिल्ह्यातील कोसबाड (ता. डहाणू) येथे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी आदिवासी मुलांसाठी केलेल्या शैक्षणिक प्रयोगांपैकी हा एक होय. या प्रयोगांची सुरुवात १९४५ मध्ये बोर्डी येथे स्थापन झालेल्या ग्राम बाल शिक्षा केंद्रातून झाली. १९५७ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले.

डहाणू व तलासरी या तालुक्यांत वारली समाजाची वस्ती मोठी आहे. गरीब कुटुंबांतील मुलांकडे गुरे राखण्याचे व धाकटी भावंडे सांभाळण्याचे काम असे. शाळेची व गुरे चारण्याची वेळ एकच असल्याने मूल शाळेत पाठविणे म्हणजे घरचा एक राखणदार गमावणे होते. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व या प्रयोगामागे होते. भावंडे सांभाळणाऱ्या मुलांची अडचण पाळणाघर व बालवाडी यांच्या जोडीने सोडविण्यात आली.

रानात गुराख्यांचा गट आधीच तयार असतो. पाणवठा कोठे आहे, कोणता पाला गुरांना बाधतो, हे थोरली मुले जाणतात व धाकटी त्यांच्याकडून शिकतात. कुरणशाळेत हाच गट वर्ग होतो. खडे, बिया, पाने व फुले ही गणनाची व निसर्गाभ्यासाची साधने ठरतात. निरीक्षण, तुलना व वर्गीकरण या विज्ञानाच्या प्राथमिक क्रिया मुलांच्या नित्य अनुभवातूनच साधता येतात. प्रमाण मराठीत अडखळणारे वारली मूल येथे जाणकार ठरते. आपल्या ज्ञानाला किंमत आहे, या जाणिवेतून शिक्षणाविषयी आपलेपणा निर्माण होतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. गुरे पांगली की वर्ग मोडतो. पावसाळ्यात उघड्यावर बसणे कठीण जाते. शिवाय पुढील शिक्षणासाठी मुलाला नियमित शाळेत जावेच लागते. तेथे सोबत्यांचा गट तुटला, तर मिळविलेला आत्मविश्वास टिकविणे अवघड होते. म्हणून कुरणशाळा ही नियमित शाळेची जागा घेणारी नव्हे, तर तिच्यापर्यंत नेणारी वाट मानणे योग्य ठरते.

याच केंद्राच्या कार्यातून रूढ झालेली अंगणवाडीची कल्पना १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोहोचली. कुरणशाळेचा तसा प्रसार झाला नाही. तथापि शाळेबाहेरील मुलांना विज्ञान शिकवू पाहणाऱ्यांना तिचे तत्त्व आजही मार्गदर्शक आहे.